दूध तोडायची मोहीम

शिल्पाला दूध येत नाही असं ठरलं, तेव्हा तिची लेक सृष्टी जेमतेम दोन दिवसांची होती. शिल्पाचं दूध फार झालं, आता बास, असं ठरलं, तेव्हा ती दोन वर्षांची झाली होती. दोन्ही वेळा ठरवणारी माणसं तीच होती आणि दोन्ही वेळा शिल्पाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

पहिली खेप बाळंतपणातली. शिल्पाचं माहेर हदगावचं. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरच्यांनी नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात केलं. सीझर झालं. दूध उतरायला उशीर लागला. नात बघायला सासू तुळजाबाई लातूरहून आली. तिनं लेकराच्या सुकलेल्या तोंडाकडे बघितलं, सुनेच्या पदराकडे बघितलं आणि उभ्याउभ्याच निकाल दिला.

"हिच्या अंगावर न्हाई काई. लेकरू उपाशी तडफडलालंय. वरचं लावा."

शिल्पाचा नवरा उमाशंकर लातुरात नीटच्या क्लासला जीवशास्त्र शिकवतो. सस्तन प्राण्यांवर तो सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकतो, पण त्या दिवशी काही न बोलता खालच्या मेडिकलमध्ये गेला आणि पावडरचा डबा अन् बाटली घेऊन आला. शिल्पाला मात्र कसली जिद्द चढली कुणास ठाऊक. टाके दुखत होते, बोंडांना चिरा पडल्या होत्या, पोरीनं तोंड लावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी ती लेकीला छातीपासून दूर करायला तयार होईना. आईनं खसखशीची खीर केली, अळीव केले, मेथीचे लाडू केले. आणि एका सकाळी दूध उतरलं ते असं, की अंगावरची चादर भिजली आणि दवाखान्यातल्या मावशीनं हसत हसत दुसरी आणून दिली.

तुळजाबाई म्हणाली, "मी म्हनलं व्हतं न्हवं, हिला नीट खाऊ घाला म्हनून."

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष सगळं झकास चाललं. सृष्टीच्या मांड्यांना वळ्या पडल्या. तुळजाबाई तिला कडेवर घेऊन गल्लीत फिरायची आणि भेटेल त्याला सांगायची, "निस्तं आईच्या अंगावरचं हाय हे. डबा न्हाई का बाटली न्हाई. आमच्या घरात तसलं चालतच न्हाई." सगळं श्रेय सासूकडे जमा झालं, पण शिल्पाची तक्रार नव्हती. शांतता मिळत असेल तर श्रेय कुणी का घेईना.

पोरगी दोन वर्षांची होत आली आणि हवा फिरली.

तुळजाबाईचं कारण साधं होतं. दूध तुटल्याशिवाय पाळणा हलत नाही, आणि पाळण्यात आता तिला नातू बघायचा होता. हे ती उघड बोलायची नाही. ती म्हणायची, "तुजी हाडं झिजलालीत गं. आरशात बघ की जरा." उमाशंकरचं कारण शिकलेलं होतं. त्याच्या क्लासला नांदेड, परभणी, हिंगोलीकडून पोरं यायची, पहिल्यांदाच घर सोडून. दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी तो फळ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "आईच्या पदराखालून बाहेर पडा, तर डॉक्टर व्हाल." पोरं टाळ्या वाजवायची, आणि मागच्या बाकावरची एक-दोन डोळे पुसायची. आता हे वाक्य त्यानं स्वतःच्या लेकीला लावलं. "पुढच्या जूनला प्ले स्कूल. ही अशी चिकटून राहिली तर स्वतंत्र कधी व्हायची?"

गंमत म्हणजे शिल्पालाही कधी कधी वाटायचं, पुरे झालं आता. पोरीला दात होते आणि ते वापरायची तिला हौस होती. एक तोंडात, दुसरं हातात, आणि त्या हाताचा चाळा काही थांबायचा नाही. शिल्पानं कपाटातले चांगले ड्रेस दोन वर्षं घातले नव्हते, कारण त्यांना पुढून बटणं नव्हती. बाजारात, लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठेही पदर ओढला जायचा. आज ठरवायचंच, असं ती कितीदा मनाशी म्हणायची. आणि नेमकं त्याच दिवशी कुणीतरी बाहेरून म्हणायचं, "अगं, सोडव आता." की झालं. तिच्या आत काहीतरी आखडायचं आणि ती लेकीला आणखी जवळ ओढायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी सांगायचं बंद केलं असतं, असंही नाही.

शेजारच्या आबेदाचाचीला मात्र ती थोडंबहुत बोलायची. आबेदाचाची ओसरीवर मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करायची. तिचा नवरा जिलानी ऑटो चालवायचा. चार लेकरं वाढवून ती मोकळी झाली होती.

"हमारे में दो साल पूरे पिलाओ बोलते," ती एकदा मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "उसके पैले छुडाना है तो मां-बाप दोनों मिलके, सलाह करके छुडाओ बोलते."

"दोघं मिळून?" शिल्पानं विचारलं.

"बोलते तो मिलके," चाची दोरा दातानं तोडत म्हणाली. "करते कौन?"

तर मोहीम सुरू झाली ती कडुलिंबापासून. तुळजाबाईनं पाला वाटला आणि आपल्या देखरेखीखाली शिल्पाला लावायला लावला. सृष्टी आली, तोंड लावलं, आणि तिचा चेहरा पार वाकडा झाला. पोरगी थुंकली, भोकाड पसरलं, आणि मग एकदम गप्प होऊन मोरीत पळाली. तुळजाबाई विजयी नजरेनं सुनेकडे बघतेय तोवर पोरगी परतही आली. हातात ओलं फडकं होतं.

"आई, धू."

दुसऱ्या दिवशी ती फडकं आधीच भिजवून, हातात धरून आली.

मग अक्कल लढवून शिल्पानं स्वतःच चिकटपट्टी लावली, वर कुंकू कालवून लाल केलं. सृष्टीनं बघितलं. "बाऊ झाला?" तिनं विचारलं. "हो गं राजा, लई बाऊ झाला." पोरीनं दोन वेळा फुंकर घातली, पट्टीवर पापा घेतला आणि प्यायचं काही मागितलं नाही. शिल्पाला वाटलं, जमलं. पण सृष्टी तिथून उठली ती सरळ गल्लीत गेली आणि दूधवाल्याला, किराणावाल्याला, झाडूवालीला, ज्याला त्याला कळवळून सांगत सुटली की आईच्या दुदूला बाऊ झालाय, रगत आलंय. संध्याकाळी जिलानीचाचा ऑटो लावता लावता तुळजाबाईला खालमानेनं विचारू लागले, "बहू की तबियत ठीक है ना? दवाखाने जाना है तो बोलो." तुळजाबाईनं घरात येऊन स्वतःच ती पट्टी टर्रकन ओढून काढली.

सृष्टीचा वाढदिवस आला. उमाशंकरनं क्लासचे मालक अमृतराव सरांना बायकोसह घरी बोलावलं होतं. मदतीला त्याची थोरली बहीण मथुराअक्का औशाहून आली होती. ही तुळजाबाईची पहिली लेक. हिच्या पाठीवर दोन बहिणी आणि मग उमाशंकर. अक्का अंगानं भरलेली, आवाजानं मोठी, आणि पाहुण्यांसमोर काय बोलायचं अन् काय नाही याची यादी कधी न केलेली बाई.

केक कापून झाला. पाहुणे खुर्च्यांवर बसले. तेवढ्यात सृष्टी, नवा फ्रॉक, डोक्याला चमकीचा पट्टा, सगळ्यांसमोर शिल्पाच्या मांडीवर चढली आणि पदराला हात घालून मोठ्यानं म्हणाली, "दुदू दे."

शिल्पानं पदर धरला. अमृतरावांच्या बाईसाहेब खिडकीबाहेर बघू लागल्या. उमाशंकरचे कान लाल झाले.

"सध्या आम्ही सोडवतोय, सर," तो म्हणाला. मग गप्प बसावं ना, तर नाही. त्याला फळा दिसला. "काय असतं, दीड-दोन वर्षांनंतर पोषणाचा प्रश्न राहत नाही. ती फक्त मानसिक सवय असते. आईनं ठाम राहिलं पाहिजे. लहानपणी जी मुलं वेळेवर आईपासून सुटतात ना, त्यांची निर्णयक्षमता..."

अक्का स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"शंकऱ्या," ती म्हणाली, "तू पयलीत व्हतास की रं."

"अक्का, पाहुण्यांना चटणी दे."

"देते की. अवो सर, ह्यो पयलीत व्हता बघा. गावातली जिल्हा परिषदेची शाळा. मधली सुट्टी झाली की ह्यो दप्तर गळ्यात तसंच घेऊन पळत घरी. आई उंबऱ्यात बसलेली. ह्यो हुभ्याहुभ्याच प्यायचा! बसायला बी दम नसायचा. एकदा गुरुजी हुडकत आले, म्हनले उमाशंकर कुठंय? म्या म्हनलं, त्यो जेवलालाय. गुरुजीनं आत बघितलं अन् बिचारे तसेच मागं फिरले."

अमृतराव सर आधी खोकले. मग त्यांना राहवेना. हसता हसता कपातला चहा बशीत आणि बशीतला पँटीवर सांडला. बाईसाहेब रुमालात तोंड घालून हसल्या. शिल्पानं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. सृष्टीला वाटलं वाढदिवसाचंच काहीतरी चाललंय, म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या.

"आमी तिघी न्हाई बरं का," अक्का हसतच पुढे म्हणाली. "आमचं नऊ-धा म्हैन्यालाच तोडलं आईनं. पोरगा व्हावा म्हनून घाई. ह्याच्या वाटनीला मातर आमच्या तिघींचं बी आलं."

सगळे हसले. तुळजाबाई तेवढी हसली नाही. तिनं रिकाम्या बशा एकावर एक रचल्या आणि आत गेली. हे एकट्या शिल्पानं बघितलं.

पाहुणे गेल्यावर उमाशंकर सरळ माडीवर जाऊन झोपला. क्लासमध्ये ती गोष्ट त्याच्या आधी पोचली असणार, हे त्याला कळत होतं. अशा वेळी माणसानं आपला आग्रह जरा सैल करावा. त्यानं उलट आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यानं जाहीर केलं, "तू हदगावला जाऊन ये. आठ दिवस. सृष्टी इथंच राहील. समोर नसलं की विषयच संपतो."

तुळजाबाई म्हणाली, "आमच्या टायमाला बी असंच करायचे."

शिल्पानं होकार दिला. तिनं तो का दिला, यावर तिनं नंतर पुष्कळ विचार केला. एक तर ती भांडून थकली होती. आणि खरं सांगायचं तर आठ दिवस सलग झोपायला मिळेल, कुशीवर वळलं तर कुणी ओढणार नाही, हा मोह तिला पडला होता. त्या मोहाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिनं पिशवी भरताना सृष्टीचे कपडे तीनदा घड्या करून परत कपाटात ठेवले.

लातूरच्या बसस्टँडवर पोरगी रडून गोंधळ घालेल, म्हणून उमाशंकरनं कुरकुऱ्यांचं पाकीट तयार ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. सृष्टीनं पाकीट घेतलं, बापाच्या कडेवरून हात हलवला, "टाटा आई" म्हणाली आणि मान वळवून रसाच्या गाड्याकडे बघू लागली. बस निघाली. शिल्पानं रडायची सगळी तयारी केली होती. ती फुकट गेल्यासारखं वाटून मग ती जास्तच रडली.

अहमदपूरच्या पुढे मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. शिल्पाला काही कळायच्या आत तिचं दूध सुटलं. ब्लाउज ओला झाला. शेजारच्या म्हातारीनं एकदा तिच्याकडे बघितलं, आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या अंगावर टाकली, आणि लोहा येईपर्यंत सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिली.

हदगावला पोचेस्तोवर छाती दगडासारखी झाली होती. अंगात कणकण भरली. आई शेकायला, थोडं थोडं पिळून काढायला बसली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं कोबीची गार पानं छातीवर ठेवली. बरं वाटलं. मग वडील शेषेराव रोज सकाळी बाजारात जाऊन कोबी आणू लागले. कशाला ते त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. इतकं मात्र त्यांना समजत होतं की वरची मोठी पानं फाटलेली नकोत. गड्डा उरायचा. तो वाया कसा घालवायचा? म्हणून घरात रोज कोबीची भाजी. पुढं पुढं शिल्पाचा भाऊ ताटावर बसला की नुसता सुस्कारा टाकायचा.

आणि झोप? झोप काही आली नाही. पलंग अख्खा तिचा होता, कुणी ओढत नव्हतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

रोज संध्याकाळी उमाशंकरचा फोन यायचा. त्याच्या आवाजात निकाल लागल्याचा आनंद असायचा.

"अगं, मस्त आहे ती. आठवणसुद्धा काढत नाही. पहिल्या रात्री थोडी रडली म्हणे, बस."

"झोपते कशी?"

"आईजवळ. दोन मिनिटांत झोपते. मी म्हटलं नव्हतं? सवय असते नुसती."

शिल्पानं फोन ठेवला आणि ओढणीत तोंड खुपसलं. आई दारात उभी होती.

"काय झालं? रडून राहिली का पोरगी?"

"न्हाई. मजेत हाय."

"मग तू कामून रडून राहिलीस?" आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "ती रडली असती तरी तू रडलीच असतीस. न्हाई रडली तरी रडतेस. बाईच्या जातीला रडायला कारण लागतच न्हाई बघ."

आठ दिवस पुरे व्हायच्या आधीच एका सकाळी शिल्पानं पिशवी भरली. कुणाला फोन केला नाही. आई म्हणाली, "अगं, जावईबापूनं आठ दिवस सांगितले होते ना?" शिल्पा म्हणाली, "त्यांचे झाले असतील. माझे लई झाले." शेषेरावांनी तिला नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं आणि घरी जाताना, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, त्यांनी वांगी घेतली.

लातुरात ती दुपारी उतरली. ऊन चढलं होतं, गल्ली सुस्त होती. उमाशंकर क्लासला गेला असणार. आबेदाचाची ओसरीवर मशीनवर वाकली होती. तिनं शिल्पाला बघितलं आणि पाय थांबवला.

"आगयी? अच्छा हुआ." मग ओठ दाबून म्हणाली, "आवाज नको कर. अंदर जाके देख तो जरा."

दार नुसतं लोटलेलं होतं. शिल्पानं चपला बाहेर काढल्या आणि हळूच आत गेली. मधल्या खोलीत चटईवर तुळजाबाई कुशीवर झोपली होती. चोळीच्या गाठी सुटलेल्या. तिच्या अंगाला सृष्टी बिलगलेली, एका मुठीत आजीच्या गळ्यातल्या लिंगाचा शिवदारा घट्ट धरलेला, आणि तोंडात आजीचं सुकलेलं थान. पोरगी गाढ झोपेत होती. मधूनच दोन-चार वेळा गाल हलायचे आणि थांबायचे.

शिल्पा भिंतीला टेकून खाली बसली. तिला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण त्याच्या आधी हसू आलं, आणि ते दाबता दाबता नाकातून आवाज झाला. तुळजाबाईनं डोळे उघडले. सुनेला बघून तिची अशी त्रेधा उडाली की आधी पदर ओढावा का नातीला बाजूला करावं, हेच तिला सुचेना. शेवटी तिनं दोघींवरून पदर टाकला.

"पयल्या रोजी लई रडली गं," ती कुजबुजली. "शंकऱ्या माडीवर झोपलेला, त्याला ऐकू बी गेलं न्हाई. दूध दिलं, साखर दिली, कायबी घीना. हुंदकं दिऊन दिऊन काळीनिळी पडाया लागली. मग काय करू? तोंडात दिलं. गप झाली."

"मग रोज?"

"मग रोजच." तुळजाबाईनं दाराकडे बघितलं. "शंकऱ्याला नगं सांगूस. त्याला वाटलालंय की त्यानंच तोडलं."

शिल्पा आता मोकळी हसली. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, मग मला पाठवलंत कशाला?"

सृष्टीच्या कपाळावरचे घामेजले केस तुळजाबाईनं मागे सारले.

"मथुरीच्या टायमाला मला असंच धाडलं व्हतं," ती म्हणाली. "म्हायेराला न्हाई. आमच्या शेतातल्या खोपीवर, भुईमुगाच्या राखनीला. पोरगी घरी सासूपाशी. माजी छाती फुटलाली आन् मी बांधावर बसून मातीत दूध पिळलालेव. परत आले तर पोरगी माज्याकडं यीना. वळकंना मला. सासूच्या मागं लपली. नऊ म्हैन्याचं लेकरू गं." तिनं सुस्कारा टाकला. "बाकी दोघींचं बी तसंच. मग शंकऱ्या झाला. पोरगा झाला म्हनताना तोड म्हनाया कुनी आलंच न्हाई. दोन वर्सं झाली, तीन झाली, कुनी बोलंना. मला बी वाटलं, बगू तर खरं, न्हाई कुनी सांगितलं तर कवा थांबावंसं वाटतंय. ते शाळेत जायला लागला तरी थांबावंसं वाटंना."

"आणि मला?"

"तुला काय. मी सासू झाले की," तुळजाबाई म्हणाली. जणू त्यात सगळं आलं.

सृष्टी जागी झाली. तिनं आईकडे बघितलं, मग आजीकडे, मग पुन्हा आईकडे. शिल्पाला मथुराअक्काची गोष्ट आठवली. ही आता आजीमागे लपते की काय? पोरगी उठली, सरपटत आली, आईच्या गळ्यापाशी नाक लावून हुंगलं, आणि पदर वर केला. दूध पुष्कळ आटलं होतं, पण होतं. थोडा वेळ पिऊन तिनं तोंड काढलं आणि समाधानानं जाहीर केलं, "हितं येतंय. आजीचं न्हाई येत."

"मेली," तुळजाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच खळखळून हसली.

संध्याकाळी उमाशंकर आला, बायको लवकर आलेली बघून जरा बिचकला, पण सृष्टी त्याच्यासमोर शहाण्यासारखी वरणभात जेवली, तेव्हा त्याची छाती फुगली. "सुटलं ना?" त्यानं विचारलं. शिल्पानं सासूकडे बघितलं. सासूनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "सुटलं की."

तिथून पुढे त्या घरात दुपारचा एक रिवाज पडला. जेवणं झाली की शिल्पा मधल्या खोलीत सृष्टीला घेऊन पडायची आणि तुळजाबाई उंबऱ्यात निवडायचं सूप घेऊन बसायची. गल्लीच्या टोकाला उमाशंकरच्या गाडीचा आवाज आला की ती मोठ्यानं खोकायची. रात्री मात्र पोरगी आजीजवळ. तिकडे उमाशंकरनं क्लासमध्ये आपली पद्धत सगळ्यांना समजावून सांगितली. ठामपणा, अंतर आणि सातत्य, असे तिचे तीन टप्पे त्यानं पाडले होते. वाढदिवसाच्या गोष्टीनं गेलेली अब्रू अशी थोडी परत आली. त्याचं ऐकून भौतिकशास्त्राच्या रामलिंग सरांनीही आपल्या बायकोला उदगीरला माहेरी धाडलं. तिच्या सासूनं काय केलं, ते कळायला मार्ग नाही.

शिल्पाला आता कुणी काही सांगत नव्हतं. तो निवांतपणा इतका नवा होता की पहिले काही दिवस तिला तो खरा वाटेना. मग तिनं शांतपणे बसून विचार केला आणि पहिल्यांदा स्वतःच्या मनानं ठरवलं: गुढीपाडव्यापर्यंत. त्या दिवशी लेकीला समोर बसवून सांगायचं, आता तू मोठी झालीस. साखरेची गाठी गळ्यात घालायची. शेवटचं जवळ घ्यायचं, नीट लक्षात राहील असं. तिनं हे तुळजाबाईला सांगितलं, तर तीही म्हणाली, "बराबर हाय. सणाला सुटलेलं चांगलं."

पण त्या सुमारास आबेदाचाचीची नात कहकशां राहायला आली. तिच्याकडे बाहुलीची भांडी होती. सृष्टी सकाळी जायची ती दुपारी तिकडेच जेवून, तिकडेच मशीनच्या आवाजात झोपायची. एक दिवस, दोन दिवस. शिल्पा ओसरीवरून हाक मारायची, "सृष्टी, येतीस का गं?" आतून आवाज यायचा, "मी सैपाक करलाले!"

मग एका दुपारी शिल्पा स्वतःच गेली आणि कानात म्हणाली, "दुदू नको?"

पोरगी क्षणभर विचारात पडली, एखादं जुनं नाव आठवावं तशी. "न्हाई," ती म्हणाली. "चाचीनं भजी केलीत."

शिल्पा घरी आली. शेवटचं कधी पाजलं, ते आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. रविवारी? की त्याच्या आधी, पाणी गेलं होतं त्या दिवशी? त्या वेळी तिचं लक्ष कुठं होतं? बहुतेक मोबाईलमध्ये असेल. पाडवा अजून दूर होता.

तुळजाबाई नेहमीसारखी उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती, एक कान गल्लीकडे.

"आत्या, कुणाची राखण करताय?" शिल्पा म्हणाली. "झालं ते. सोडलं तिनं."

"कुनी तोडलं?" तुळजाबाईनं दचकून विचारलं.

"कुणी न्हाई. तिनंच."

तुळजाबाई सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. "येवढ्यात?" ती म्हणाली. "अजून ल्हान हाय की गं ती." मग थोड्या वेळानं, सासूला शोभेल अशा आवाजात, "तू हाक नीट मारली न्हाईस."

होळीच्या आसपास सृष्टीला खोकला झाला आणि तो हटेना. उमाशंकर रात्रीच्या जेवणाला बसला होता, हातात मोबाईल, त्यावर काहीतरी वाचत होता. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बघ," तो शिल्पाला म्हणाला, "यात स्पष्ट लिहिलंय. आईच्या दुधानं प्रतिकारशक्ती वाढते. दोन वर्षं आणि त्याच्या पुढंही पाजावं म्हणतात. आपण उगाच घाई केली." त्यानं मान वर केली. "खरं म्हणजे आई, तूच मागं लागली होतीस. मी तेव्हाच म्हणत होतो, थोडं थांबू या."

शिल्पा पाणी ओतत होती, तिनं सासूकडे बघितलं. तुळजाबाई चुलीपाशी होती. तिनं लेकाकडे बघितलं. तिथं बसलेल्या त्या चष्मेवाल्या, विरळ केसांच्या माणसाकडे ती चांगली घटकाभर बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, मधल्या सुट्टीत दप्तर गळ्यात घेऊन पळत येणाऱ्या पोराकडे बघतानाचं काहीतरी आलं.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "चुकलंच आमचं. जेव तू."

आणि तव्यावरची गरम भाकरी तिनं त्याच्या ताटात टाकली.